सोयाबीनच्या दोन अफवा

सोयाबीनबद्दल माझ्या फोनमध्ये दोन अफवा आहेत, आणि त्या दोन वेगळ्या ग्रुपवरून आल्यात. जिमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी टाकतं : सोया चंक्स खाऊ नका, त्यात बायकांचं हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉन पडतं, छाती सुटते. नातेवाइकांच्या ग्रुपवर बरोबर उलटं येतं : जपानी पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही, कारण ते रोज सोयाबीन खातात, साठी उलटलेल्या प्रत्येकाने सोयाच्या आयसोफ्लेवोनची गोळी सुरू करावी.

एकीकडे भीती, दुसरीकडे आशा. पण दोन्हींच्या मुळाशी विधान एकच आहे : सोयाबीन पुरुषाच्या शरीरातलं हार्मोन बदलतं. पहिल्या ग्रुपला ते नको असतं, दुसऱ्याला तेच हवं असतं. विधान खरं असेल तर दोन्ही अफवांमध्ये काहीतरी तथ्य आहे. खोटं असेल तर दोन्ही एकदमच गळून पडतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बायोलॉजी दहावीलाच सुटली. तरी गेल्या वर्षी काही महिने ऑफिसातून आल्यावर मी या एका विधानाचा माग काढत होतो. त्याचं कारण काका.

काकांचा प्रश्न

माझे मोठे काका कळव्याला राहतात, खारेगावात. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे, त्याला ते ‘वय झालं’ म्हणायचे. तपासणी झाली तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला होता. आता दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. त्या इंजेक्शनने शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद होतं आणि त्यावर वाढणारा कॅन्सर दबून राहतो. पीएसए नावाची रक्ताची तपासणी त्यांच्या फाईलमध्ये ओळीने लावलेली आहे आणि आकडा खाली आलेला आहे.

पण आकडा खाली आला त्याची किंमत काकांचं अंग मोजतं. जानेवारीतही पंखा पाचवर. अचानक अंगातून गरम वाफा निघतात, बनियन भिजतं. दोन जिने चढले की बसतात. एकदा म्हणाले, “बैलाचं करतात ना रे, तसं केलंय मला. फक्त सुईने.”

पारसिकच्या डोंगराकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींपैकी एकाने त्यांना सोया आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. काकांनी ती माझ्यासमोर ठेवली. “हे पण हार्मोनवरच काम करतं म्हणे. मग इंजेक्शन सोडून हेच घेतलं तर? तू वाचतोस ना इंटरनेटवर. जरा बघ आणि मला सांग.”

काकांचा बैलाचा दाखला अचूक होता, हे मला वाचताना कळलं.

बैलापासून सुरुवात

अठराव्या शतकात लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने लिहून ठेवलं होतं की खच्ची केलेल्या बैलाची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते. आपल्याकडे बैल खच्ची करणाऱ्यांना मान, वशिंड आणि स्वभाव यांत पडणारा फरक पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. आत ग्रंथीही आक्रसते, हे हंटरने पाहिलं. म्हणजे वृषणांत असं काहीतरी तयार होतं, ज्यावर ही ग्रंथी जगते. ते ‘काहीतरी’ हाती लागायला १९३५ साल उजाडलं. त्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेने बैलांच्याच वृषणांतून ते वेगळं काढलं आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं.

सहा वर्षांनी, १९४१ मध्ये, शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांवर तोच विचार लावला. वृषण काढले, किंवा स्त्रियांचं हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन दिलं, तर रक्तातल्या एका एन्झाइमचा आकडा खाली येत होता. कॅन्सर मागे हटतोय, याची ती खूण होती. टेस्टोस्टेरॉन टोचलं की तोच आकडा वर जायचा. कॅन्सर म्हणजे बेलगाम वाढणाऱ्या पेशी, ही तोवरची समजूत. इथे दिसत होतं की त्या बेलगाम पेशींचा दाणागोटा बाहेरून येतो आणि तो तोडता येतो. १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळालं.

१९४१ हेच परळच्या टाटा मेमोरियलचंही साल. २८ फेब्रुवारीला ते हॉस्पिटल सुरू झालं आणि शिकागोचा निबंध त्यानंतर काही आठवड्यांतच छापून आला. मुंबईत कॅन्सरचं स्वतंत्र हॉस्पिटल आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा हार्मोनवरचा उपचार, दोघांचं वय सारखंच आहे. भारतात आजही अनेक रुग्ण इंजेक्शनांच्या खर्चापेक्षा वृषण काढण्याची एकदाच होणारी, स्वस्त शस्त्रक्रिया निवडतात. उपचार जुना आहे, पण चालतो.

आता आपल्या अफवांच्या मुळाशी येऊ. इस्ट्रोजेन दिलं की टेस्टोस्टेरॉन का पडतं? माझ्यासारख्याला हे फीडबॅक लूप म्हणून पटकन समजतं. रक्तात लैंगिक हार्मोन किती आहे, हे मेंदू सतत तपासत असतो. कमी वाटलं तर पिट्युटरी ग्रंथीमार्फत वृषणांना ‘बनवा’ असा निरोप जातो. पुरेसं वाटलं तर निरोप थांबतो. बाहेरून इस्ट्रोजेन ओतलं की मेंदूला पुरेसं आहे असं वाटतं, निरोप बंद होतो आणि वृषणांचं काम थांबतं. सुरी न लावता खच्ची करण्याचा हा मार्ग.

त्यासाठी लागणारं स्वस्त औषध तेव्हा तयारच होतं. १९३८ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे प्रयोगशाळेत बनवलेलं इस्ट्रोजेन जाहीर केलं होतं, आणि त्याचं पेटंट घेतलं नव्हतं. पुढची पंचवीसेक वर्षं प्रोस्टेटच्या रुग्णांना त्याच्या गोळ्या मिळत राहिल्या. मग १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी मोठी तुलना केली तेव्हा दिसलं की रोज ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हृदयविकाराने आणि रक्ताच्या गाठींनी होणारे मृत्यू वाढले होते. कॅन्सर दबत होता आणि माणूस हृदयाने जात होता.

तेव्हापासून एक प्रश्न हवेत राहिला : इस्ट्रोजेनसारखंच काम करणारं, पण सौम्य, शक्यतो खाण्यातूनच मिळणारं काही आहे का?

मेंढ्यांना काय झालं होतं

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांच्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. चारा भरपूर होता, मेंढ्या धष्टपुष्ट होत्या, पण कोकरं होत नव्हती. कुरणांत एका जातीचं क्लोव्हर लावलेलं होतं. आपल्याकडचा बरसीम घास त्याचाच भाऊबंद. १९४६ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांनी निदान प्रसिद्ध केलं : या चाऱ्यातच इस्ट्रोजेनसारखं वागणारं काही आहे.

ते ‘काही’ म्हणजे आयसोफ्लेवोन. मेंढीच्या पोटातले जंतू त्याचं रूपांतर इक्वॉल नावाच्या पदार्थात करतात, आणि हे इक्वॉल इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसतं. इक्वॉल शास्त्रज्ञांना नवीन नव्हतं. १९३२ मध्येच ते गाभण घोडीच्या मूत्रात सापडलं होतं, नावही त्यावरूनच. पण ते घोडीने खाल्लेल्या वनस्पतींतून येतं, ही संगती खूप उशिरा लागली.

सोयाबीनमध्ये हेच कुटुंब असतं. मुख्य दोघं : जेनिस्टीन आणि डेडझीन. कोरड्या सोयाबीनच्या १०० ग्रॅममध्ये सगळे आयसोफ्लेवोन मिळून साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम निघतात. १९८० च्या दशकात माणसाच्या लघवीतही इक्वॉल मोजलं गेलं. सोया खाल्लं की ते वाढायचं, पण सगळ्यांत नाही. ते बनवणारे जंतू पाश्चात्त्य देशांत साधारण चारातल्या एकाच्या आतड्यात असतात, जपानमध्ये साधारण निम्म्यांच्या.

जिमच्या ग्रुपवरची अफवा या मेंढ्यांपासून निघते. ती निव्वळ बनावट नाही. मेंढ्यांचं झालं होतं. फक्त मेंढी दिवसभर तोच एक चारा खाते, तिचं पोट वेगळं असतं आणि ती ठाण्याच्या जिममध्ये जात नाही.

आपल्या ताटात सोयाबीन आलं कधी?

इथे मला आपल्याकडचा इतिहास पाहावासा वाटला, कारण दोन्ही फॉरवर्डमधलं ‘पूर्वापार’ हे आमच्या घराला लागूच होत नव्हतं. आजीच्या स्वयंपाकात सोयाबीन नव्हतं. भारतात ते जुनं आहे ते हिमालयाच्या कुशीत : कुमाऊंमध्ये ‘भट’, सिक्कीममध्ये आंबवलेलं किनेमा, नागालँडमध्ये अखुनी. महाराष्ट्राला ते नवं होतं.

महाराष्ट्रातल्या सोयाबीनची एक गाजलेली सुरुवात वर्ध्याची आहे. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथूनच चालायचं. गरिबाला परवडणारं, दुधा-मांसाविना पोसणारं अन्न कोणतं, याचे प्रयोग तिथल्या पंगतीत होत. सोयाबीन त्या ताटात आलं आणि गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांचं बडोदा संस्थान सोयाबीनचा प्रचार करत होतं. १९३६ मध्ये एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं जाडजूड पुस्तक बडोद्याच्या सरकारी छापखान्यातून निघालं. ॲमस्टरडॅममध्ये टेस्टोस्टेरॉन वेगळं निघालं आणि वर्ध्यात सोयाबीन शिजलं, ते साल एकच. पण वर्ध्याचा प्रश्न प्रथिनांचा होता. हार्मोनशी या दाण्याचा काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.

ताटात ते टिकलं नाही. शेतात आलं ते नंतर. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकन वाणांच्या चाचण्या झाल्या. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, ‘एमएसीएस’ नावाची वाणं काढली. मग विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीन असं पसरलं की आज लातूरच्या बाजारातला भाव हा गावोगावच्या पारावरचा विषय असतो.

पण शेतकऱ्याने पिकवलेला तो दाणा जातो कुठे? घाण्यावर आणि कारखान्यात. तेल आपल्या कढईत येतं आणि पेंड कोंबड्यांना किंवा परदेशी जाते. आयसोफ्लेवोन तेलात जवळजवळ उतरतच नाहीत, ते पेंडीत राहतात. म्हणजे देशातल्या सोयाबीनचा मोठा वाटा पिकवणाऱ्या महाराष्ट्राच्या पोटात सोयाचं हार्मोनसदृश द्रव्य फारसं कधी गेलंच नाही. सोया चंक्सची भाजी आणि थोडं पीठ सोडलं, तर आपण सोयाबीन खातो ते तेलातून, आणि त्या तेलात वादाचा विषय असलेली गोष्टच नसते.

ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

जपानचा पुरावा आणि मुंबईचा

सोया आणि प्रोस्टेट यांची गाठ बांधली गेली ती नकाशांवरून. देशोदेशीचे कॅन्सरचे आकडे एकत्र छापले जाऊ लागले तेव्हा दिसलं की जपानमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर फार कमी आणि अमेरिकेत कितीतरी पट जास्त. १९६८ मध्ये विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा स्थलांतरितांत आणि त्यांच्या मुलांत हा कॅन्सर वाढत जातो, हे पुढे वारंवार दिसलं. रक्त तेच, देश बदलला. मग बदललं काय? खाणं. जपानी माणूस काय खातो जे अमेरिकन खात नाही? तोफू, मिसो, नात्तो. सोयाबीन.

१९८७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की जेनिस्टीन पेशींच्या वाढीला चालना देणारी काही एन्झाइम्स परीक्षानळीत रोखतं. १९९६ मध्ये स्वीडनमध्ये यान-ओके गुस्टाफसन यांच्या गटाला इस्ट्रोजेनचा दुसरा रिसेप्टर सापडला, तोही उंदराच्या प्रोस्टेटमध्ये. आयसोफ्लेवोन या दुसऱ्या रिसेप्टरला जास्त चिकटतात, हे लगेच कळलं. सगळे तुकडे जुळत होते. तोवर अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक गोळ्यांना औषधांच्या कडक चाचण्यांतून सूट मिळाली होती. गोळ्या बाजारात आल्या.

आता मुंबईकडे या. सवय आणि कॅन्सर यांचा संबंध शोधण्यात हे शहर जुनं आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी मुंबईत भारतातली पहिली लोकसंख्या-आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. पद्धत साधी आणि चिकाटीची : नोंदणीची माणसं हॉस्पिटलांत जाऊन केसपेपर बघणार, वय, पत्ता, अवयव उतरवून घेणार, एकाच रुग्णाची दोनदा नोंद झाली तर काढून टाकणार. मोजणी फक्त शहरात राहणाऱ्यांची. खाडीपलीकडचं कळवा तेव्हा त्या हद्दीच्या बाहेर होतं. आमच्याकडचा माणूस परळला उपचार घेत असला तरी मुंबईच्या आकड्यात धरला जात नसे.

डेटावर काम करणाऱ्याला अशा वहीबद्दल आदर वाटतो. आणि या वहीतली ओळ सरळ आहे : मुंबईच्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर कितीतरी वर्षं लाखामागे एक आकडी होता. वयाचा हिशेब सारखा करून, अमेरिकेच्या कैक पट खाली, जपानच्या शेजारी.

जपानी माणूस तोफू खात होता म्हणून वाचला असेल, तर मुंबईचा माणूस काय खात होता? डाळ, भात, चपाती, मासळी. सोयाबीन नव्हे. पुढे मुंबई-पुण्याहून, गुजरातेतून, आंध्रातून माणसं न्यू जर्सीला आणि कॅलिफोर्नियाला गेली. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर मायदेशापेक्षा बराच जास्त नोंदला गेला. त्यांनी तिथे जाऊन सोयाबीन सोडलं, असं कुणी म्हणू शकत नाही. सोडायला मुळात ते ताटात असावं लागतं.

याचा अर्थ सोया निरुपयोगी ठरलं असा नाही. इतकाच की जपानचं कोडं सोडवायला सोयाबीनची गरज नव्हती. दुसरी कारणं समोर होती. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पीएसएची तपासणी सर्रास होऊ लागली. जिथे शोधतात तिथे सापडतं. इतर कारणांनी वारलेल्या जपानी पुरुषांच्या शवविच्छेदनातही प्रोस्टेटमध्ये लहान, झोपलेले कॅन्सर मिळत होते. वजन, चरबी, बैठं आयुष्य, हे सगळंही देशाबरोबर बदलतं.

गोळीची परीक्षा

नकाशावरून अंदाज बांधता येतो. उत्तर मिळतं ते चाचणीतून. काकांच्या प्रश्नाला थेट लागू होणाऱ्या तीन चाचण्या मला सापडल्या.

पहिली २००९ ची. काकांसारखाच हार्मोन बंद करण्याचा उपचार चालू असलेले ३३ पुरुष. अर्ध्यांना बारा आठवडे रोज १६० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन असलेलं सोया प्रोटीन, अर्ध्यांना तशाच चवीची फसवी पावडर. अंगातल्या वाफा, स्मरणशक्ती, लैंगिक इच्छा, कशातच फरक पडला नाही.

दुसरी २०१३ ची. प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेले ८६ पुरुष. शस्त्रक्रियेआधी सहा आठवड्यांपर्यंत रोज ८० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोनची कॅप्सूल किंवा फसवी गोळी. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, पीएसए, सगळं मोजलं. दोन गटांत लक्षणीय फरक नाही.

तिसरी सर्वांत मोठी, तीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली. शिकागोच्या मार्टिन बॉसलँड यांनी प्रोस्टेट काढलेले, पण कॅन्सर परतण्याची भीती जास्त असलेले १७७ पुरुष घेतले. दोन वर्षं रोज २० ग्रॅम सोया प्रोटीन किंवा दुधातलं प्रोटीन. फायदा दिसत नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. सोया घेणाऱ्यांपैकी २७.२ टक्क्यांत कॅन्सर परतला होता, न घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्क्यांत. इतका फरक नशिबानेही पडतो. हार्मोनवरचा उपचार ज्या शिकागोत जन्मला, तिथेच सोयाच्या आशेची मोजदाद झाली.

आणि जिमच्या ग्रुपचं काय? धडधाकट पुरुषांवरच्या अभ्यासांची एकत्रित छाननी २०१० मध्ये झाली, आणि २०२१ मध्ये ४१ अभ्यास घेऊन पुन्हा झाली. दोन्हींचा निष्कर्ष एक : सोया प्रोटीन किंवा आयसोफ्लेवोन घेतल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन पडत नाही, इस्ट्रोजेन वाढत नाही. अपवाद म्हणून एक माणूस सगळीकडे फिरवला जातो. २००८ मध्ये छापलेली साठ वर्षांच्या एका अमेरिकन पुरुषाची केस : छाती सुटली, इस्ट्रोजेन चौपट. तो दिवसाला जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होता. बंद केल्यावर बरा झाला.

आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखा दिसतो, हे खरं. कुलूप तेच आहे, किल्लीही आत जाते, पण ती फिरते शेकडो पट कमी जोराने, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच दारात. मेंदूपर्यंत ‘पुरेसं आहे’ हा निरोप पोचवायला तेवढं पुरत नाही. काकांचं इंजेक्शन काय करतं, त्याच्याशी ताडून बघा : पुरुषात टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर असतं, इंजेक्शन ते ५० च्या खाली आणतं. कॅप्सूल त्याला हलवतही नाही.

बाटलीत काय होतं

काकांना हे सांगायच्या आधी मला आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली आणि तिने मी जास्त सावध झालो. १९९० च्या दशकात अमेरिकेत पीसी-स्पेस नावाची वनस्पतींची गोळी प्रोस्टेटच्या रुग्णांत लोकप्रिय होती. ती खरंच चालायची. पीएसए पडायचं, टेस्टोस्टेरॉन पडायचं, छाती दुखरी व्हायची, काहींना पायात रक्ताच्या गाठी व्हायच्या. १९९८ मध्ये डॉक्टरांनी लिहिलं की हिच्यात इस्ट्रोजेनचा जोर आहे. २००२ मध्ये ती बाजारातून काढावी लागली, कारण तपासणीत आत औषधं सापडली होती : रक्त पातळ करणारं वॉरफरीन आणि, दुसरं कुठलं असणार, स्टिलबेस्ट्रॉल. डॉड्स यांची १९३८ ची गोळी हिरव्या कपड्यात परत आली होती.

म्हणजे ‘नैसर्गिक’ गोळीने हार्मोन खरोखर पडलं, तर आनंद मानण्याआधी आत काय आहे हे विचारावं. आणि पडलं नाही, तर ती काय उपयोगाची?

काकांसमोर मी कागदावर तीन आकडे लिहिले : ३०० ते १०००, ५०, आणि कॅप्सूलपुढे ‘फरक नाही’. काकांनी आयुष्यभर मशीनवर काम केलंय, मोजमाप त्यांना कळतं. कागद बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “म्हणजे हे घ्यायचं तर जेवणासारखं घ्यायचं. औषध म्हणून नाही.” बाटलीवर बारीक अक्षरात तेच छापलेलं होतं : औषधी वापरासाठी नाही. पुढच्या तारखेला त्यांनी बाटली डॉक्टरांना दाखवली आणि पहिल्यांदाच त्या वाफांबद्दलही सांगितलं. वाफांवर वेगळी औषधं असतात, हे त्यांना तिथे कळलं. दोन वर्षं त्यांनी तो विषय खोलीत काढलाच नव्हता. लाज वाटायची.

जे मोजलं जात नाही

इतकं वाचल्यावर मला दोन्ही अफवांचा राग येत नाही. दोन्हींमागे एकच अवघडलेपण आहे. पुरुषाला आपल्या हार्मोनबद्दल बोलता येत नाही, म्हणून तो ताटाबद्दल बोलतो. पंचविशीत भीती असते की पुरुषपण जाईल. पासष्टीत आशा असते की ते न गमावता आजार जाईल. सोयाबीन मधल्या मध्ये सापडलं. लातूरच्या शेतातून निघालेल्या या दाण्याचा गुण वर्ध्याला १९३५ मध्ये दिसला होता तेवढाच आहे : स्वस्त, भरपूर प्रथिनं. चंक्सची रस्सा भाजी करून खा. जिमलाही चालते, काकांनाही.

मुंबईच्या वहीतली ओळ मात्र आता तशी राहिलेली नाही. माणसं जास्त जगू लागली, तपासण्या वाढल्या, आणि भारतातल्या मोठ्या शहरांत प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषांच्या पहिल्या काही कॅन्सरांत येऊन बसलाय. आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण हाडं दुखायला लागल्यावरच येतात. त्याआधी महिनोन्‌महिने धार बारीक झालेली असते, रात्री उठणं वाढलेलं असतं. ही लक्षणं बहुतेकदा वयाने वाढलेल्या साध्या ग्रंथीची असतात आणि कॅन्सर सुरुवातीला मुका असतो. पण फरक घरी बसून कळत नाही. साठीच्या पुढच्या आपल्या माणसाला रात्री किती वेळा उठावं लागतं, हे विचारायला तीन सेकंद लागतात. आपण त्यांना फॉरवर्ड पाठवतो, हा प्रश्न विचारत नाही.